आत ओढलेला हो

रुहामाच्या घरात ‘हो’ कुणी तोंडाने म्हणत नाही. ओठ जरासे उघडायचे, श्वास चटकन आत ओढायचा, झालं काम. जेवलीस का? श्वास आत. कोंबड्या कोंडल्या का? श्वास आत. इथिओपियातलं अख्खं गोंदर शहर असंच हो म्हणतं. परदेशी पाहुणा पहिल्यांदा ऐकतो तेव्हा मात्र पाण्याचा पेला शोधायला धावतो, कारण समोरच्याला ठसका लागला असंच त्याला वाटतं.

तर ही रुहामा कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेऊन बसली होती आणि तिला पुढे एम.एस्सी. करायची होती. कुठे करायची, यावरून घरात जे रणकंदन झालं त्यात तिचं मत कुणी विचारलंच नाही. आई वुबित, जिला दोघी मुली एमाये म्हणत, तिला नैरोबी हवं होतं, कारण तिथे तिची मावसबहीण होती आणि ती पोरीला रोज घरची इंजेरा भाकरी खाऊ घालील अशी एमायेची खात्री होती. मावसबहिणीला हे अजून कुणी कळवलं नव्हतं. शेजारी लोखंडी दारं बनवणाऱ्या गाशे मुलुआलेमचा कौल किगालीला होता. तिथले रस्ते स्वच्छ आहेत म्हणे. धाकटी ब्लेन म्हणाली केपटाउन, कारण समुद्र.

रुहामालाही केपटाउनच हवं होतं, पण कारण वेगळं होतं. तिने तिन्हीकडे शंका विचारायला ईमेल पाठवले. दोन ठिकाणांहून उलट टपाली उत्तर आलं की या ईमेलला उत्तर देऊ नये. केपटाउनहून प्राध्यापिका नोम्बुलेलो यांनी स्वतः लिहिलं, ‘तुमच्या शंका चांगल्या आहेत, उत्तरं मलाही येत नाहीत, म्हणून तर प्रयोगशाळा काढली.’ माणसांचं बोलणं यंत्राला कसं समजवायचं, यावर त्यांची प्रयोगशाळा काम करत होती. ते पत्र वाचलं आणि रुहामाचं काळीज तिकडेच गेलं. मागे राहिलं ते फक्त शरीर, आणि त्याला शिष्यवृत्तीशिवाय विमानात कोण बसवणार? शिष्यवृत्तीची जागा होती एक.

अर्जात संशोधनाचा विषय लिहायचा होता. रुहामाने लिहिलं, कॉफीच्या पानांवरचे रोग फोटोवरून ओळखणारं यंत्र. का? तर वर्गात जो तो पानांच्याच मागे लागला होता. आफ्रिका अधिक शेती म्हणजे प्रवेश पक्का, असं सरांनी सांगितलं होतं. रुहामाने आयुष्यात कॉफीचं झाड जवळून पाहिलेलं नव्हतं. तिची कॉफीशी ओळख थेट कपात झाली होती.

तरी मुलाखतीचं बोलावणं आलं. ऑनलाइन, भर दुपारी, म्हणजे गाशेच्या लोखंड कापायच्या वेळेला. शिवाय कोंबडा, शिवाय पलीकडचं गाढव. ब्लेनने मैत्रिणीकडून एक नव्या धर्तीचा हेडफोन उसना आणला. नको ते सगळे आवाज तो आपोआप गाळून टाकतो, फक्त बोलणं पुढे पाठवतो. खात्री करायला ब्लेनने रुहामाच्या कानाशी परात बडवली आणि फोनवरच्या मैत्रिणीला विचारलं, काय ऐकू आलं? काहीच नाही, ती म्हणाली. एमायेने हेडफोनला आशीर्वाद दिला.

मुलाखतीच्या दिवशी एमायेने कॉफी भाजायची नाही, खोकायचं नाही आणि देवाचं नाव मनातच घ्यायचं, असं ठरलं. नेट इतकं अशक्त होतं की चित्र बंद ठेवावं लागलं. नुसता आवाज.

सुरुवात झकास झाली. रुहामाने आपलं नाव, शिक्षण, पानं, सगळं इंग्रजीत घडाघडा सांगितलं. मग प्राध्यापकबाईंनी विचारलं, आमच्या प्रयोगशाळेचे लेख वाचलेत का? रुहामाने ते रात्रंदिवस वाचले होते. तिने श्वास आत ओढला. इंग्रजी कितीही शिका, आनंद झाला की तो श्वास आपल्या गावचाच निघतो.

थोडा वेळ शांतता. “बरं,” बाई म्हणाल्या.

स्वतः लिहिलेला मोठा प्रोग्रॅम कधी चालवून पाहिलात? श्वास आत. पुन्हा शांतता, पुन्हा “बरं.” गणिताची आवड आहे? एकटीने परगावी राहाल? प्रत्येक वेळी रुहामाचा श्वास जास्तच खोल जात होता. आता छाती फुटणार, असं ब्लेनला वाटायला लागलं. मग बाईंनी विचारलं, हा पानांचा विषय खरोखर तुमच्या मनातला आहे का? इथे मात्र रुहामा गप्प बसली. खोटं बोलायला तिला श्वासही मिळेना.

शेवटी बाई म्हणाल्या, “मिळाली जागा तर तुम्ही याल?”

रुहामाने खोलीतली सगळी हवा आत ओढली.

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज झाला. बाईंचा स्वर मऊ झाला होता. “रुहामा, इतकं प्रामाणिक आजवर कुणी नव्हतं. लेख वाचले नाहीत, प्रोग्रॅम चालवला नाही, यायची इच्छाही नाही, आणि हे सगळं तुम्ही गप्प राहून कबूल केलंत. बहुतेक घरच्यांनी अर्ज करायला लावला असेल. मी दुसऱ्या मुलीला ही जागा देते, चालेल?”

“मॅडम, मी तर प्रत्येक वेळी हो म्हणाले.”

“मला काहीच ऐकू आलं नाही.” रुहामाने वळून ते घरच्यांना सांगितलं.

“म्हणाली, म्हणाली,” एमाये न राहवून आपल्या अम्हारिक भाषेत ओरडली. तो आवाज गेला असता तरी बाईंना कळला नसता. पण ब्लेनच्या डोक्यात उजेड पडला. परात आठवली.

“अगं रुहामा, तुझा हो या डबड्याने गिळला,” ती म्हणाली आणि हेडफोनची वायर उपसली.

आता लॅपटॉपच ऐकू लागला आणि अख्खं गोंदर केपटाउनला पोचलं. गाशेची करवत, कोंबडा, गाढव, सगळे हजर.

“कृपा करून येण्याबद्दलचा प्रश्न पुन्हा विचारा,” रुहामा म्हणाली.

“तुम्ही याल का?”

रुहामाने श्वास ओढला. एमायेने ओढला. ब्लेननेही ओढला, जणू सगळं घरच निघालं होतं.

“अहो, तिथे कुणी बेशुद्ध पडलं का?” बाईंनी घाबरून विचारलं.

मग रुहामाने सगळं समजावलं. आधी अडखळत, मग सुटलीच. आमच्याकडे हो बाहेर सोडत नाहीत, आत घेतात. आज तुमच्यापर्यंत पानांबद्दलचा माझा नकार तेवढा पोचला, कारण तो मुका होता. यंत्राला आमचा हो म्हणजे परातीचा खडखडाट वाटतो. उद्या आमची माणसं यंत्राशी बोलायला लागली, डॉक्टरचं यंत्र असेल, बँकेचं असेल, तर ते सगळ्या गावाला नाही म्हणणारं गाव समजेल. आणि तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कॉफीची पानं मला ओळखू येत नाहीत.

मग पलीकडून एक विचित्र आवाज आला, कुणी गरम चहा भुरकावा तसा.

“जमला का मला?” बाईंनी विचारलं.

“नाही,” ब्लेन म्हणाली. “हा ठसका झाला.”

बाई मोठ्याने हसल्या. “मग शिकवायला या. पानं तिथेच ठेवा. या श्वासावर मला लिहून पाठवा, मग जागेचं बघू.”

रुहामाने लिहिलं. त्यासाठी तिने गल्लीभर फिरून म्हाताऱ्यांचे, पोरांचे, भाजीवाल्यांचे श्वास मोबाइलवर टिपले. गाशेने तर करवत थांबवून हो दिला, वर किगालीचं अजून मनात असू दे म्हणाला.

प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा एमाये कॉफी भाजत होती. ब्लेनने ते मोठ्याने वाचलं, शिष्यवृत्तीसकट. एमायेचे हात थांबले. दाणे करपायला लागले तरी तिला पत्ता नाही.

“एमाये,” रुहामाने हळूच विचारलं, “जाऊ ना?”

एमायेने पदराने नाक झाकलं आणि श्वास आत ओढला.

तो हो होता की हुंदका, हे त्या विषयाच्या नव्या संशोधिकेलाही ओळखता आलं नाही.