ओढ्यापलीकडचे दोन ठोके

बिगफूट, म्हणजे अमेरिकेतल्या जंगलांत राहतो म्हणतात तो माणसासारखा अजस्र केसाळ प्राणी, त्याच्या शोधाला निघालेल्या माणसांना सगळ्यात आधी भूक लागते, हे मार्लिस हॉगनला दोन वर्षांत नीट कळलं होतं. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी ती गाडीत पीठ, लोणी, परात, लाटणं, झाकणाचं लोखंडी भांडं आणि कॉफीचे दोन मोठे थर्मास भरायची. जंगलात रात्री साडेनऊला तिची गरम, पावासारखी मऊ बिस्किटं व्हायची, आणि ती खाल्ल्याशिवाय कुणाला संशोधन सुचायचं नाही.

तिचा नवरा व्हर्लिन भरायचा ते सामान वेगळं. बेसबॉलची बॅट, वॉकीटॉकी, अंधारात अंगाची ऊब दाखवणारा कॅमेरा, आणि पावलांचे ठसे घ्यायला प्लास्टरची एक पिशवी. पिशवीचं तोंड अजून कुणी उघडलं नव्हतं, पण ती दर शनिवारी फिरायला यायची.

हेमलॉक खोरे बिगफूट संशोधन मंडळाचे सभासद तीन. व्हर्लिन अध्यक्ष. निवृत्त पोस्टमन गस पेटीबोन सचिव, कारण त्याचं अक्षर चांगलं आणि आवाज मोठा. दोन्ही हातांचा कर्णा करून तो बिगफूटसारखी आरोळी ठोकायचा. बिगफूटची आरोळी कशी असते हे कुणी ऐकलेलं नसल्यामुळे गसची चूक काढणं कठीण होतं. राहिलेली सगळी कामं मार्लिसकडे.

पद्धत ठरलेली होती. डोंगरावर जिथे लाकूडवाल्यांचा जुना रस्ता संपतो तिथे व्हर्लिन आणि गस बसायचे. अर्धा मैल खाली, रस्त्याला फाटा फुटतो तिथे, मार्लिस गाडीत. तिने कान उघडे ठेवायचे आणि जे ऐकू येईल ते वेळेसकट वहीत लिहायचं. बरोबर अकराला व्हर्लिन फर जातीच्या एका झाडाच्या खोडावर बॅटने तीनदा ठोकायचा, कारण ही मोठी मंडळी झाडं ठोकून एकमेकांशी बोलतात असं या धंद्यातले सगळेच मानतात. मग वीस मिनिटं कुणी चकार शब्द काढायचा नाही. आणि बहुतेक शनिवारी, दोन-चार मिनिटांत, अंधारातून दोन ठोके परत यायचे.

आवाजाच्या दिशेने मात्र कुणी जायचं नाही, हा मंडळाचा पहिला नियम. न बोलावता कुणाच्या घरी जाऊ नये, असं व्हर्लिन म्हणायचा. गसला तो नियम सभ्यपणाचा वाटायचा. मार्लिसला वाटायचं दोघेही घाबरतात. पण तिने तसं कधी बोलून दाखवलं नाही, कारण नियम तिच्या सोयीचा होता. ते दोन ठोके तीच द्यायची.

त्याचं असं झालं. गावातली लाकूड गिरणी बंद पडली. एकोणतीस वर्षं करवतींना धार लावणारा व्हर्लिन घरी आला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसला तो बसलाच. मार्लिस बोलायची, तो 'हं' म्हणायचा. पुढे पुढे तेही थांबलं. अखेर गस त्याला ओढून जंगलात घेऊन गेला. सात शनिवार व्हर्लिनने झाडं बडवली, कुणी हूं की चूं केलं नाही, आणि सातव्या रात्री घरी परतताना तो म्हणाला की यातही काही अर्थ नाही. आठव्या शनिवारी मार्लिसने पीठ माखलेलं लाटणं उचललं आणि गाडीशेजारच्या पोकळ देवदारावर दोनदा हाणलं. त्या रात्री व्हर्लिन सगळा रस्ता गाणं म्हणत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आपण होऊन दाढी केली.

लबाडीचं मांजराच्या पिलासारखं असतं. एकदा घरात घेतली की तिला रोज दूध घालावं लागतं. मार्लिस दर शनिवारी ठोकायची आणि मग वहीत लिहायची, 'अकरा वाजून चार मिनिटं, दोन ठोके, वायव्येकडून, बऱ्याच लांबून.' एकदा सर्दीमुळे ती घरीच राहिली आणि उत्तर आलं नाही, तर गसने 'हवामान प्रतिकूल' अशी नोंद केली होती.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी ब्रिन नावाची मुलगी आली. पक्ष्यांचे आवाज टिपणं हे तिचं काम. गसने मंडळाबद्दल कुठेतरी लिहिलं होतं, ते वाचून ती पाच तास गाडी चालवत आली होती. पोरगी गुणी होती, चार बिस्किटं खाऊन पाचवं मागून घेतलं. मग तिने परात, थर्मास आणि लोण्याचा डबा तीन कोपऱ्यांत मांडला आणि समजावलं की असे तीन माइक जंगलात लावले की आवाज कुठून आला ते दहा पावलांच्या आत कळतं. यंत्रच हिशेब करतं, नकाशावर ठिपका येतो.

गसने टाळी वाजवली. मार्लिसने परात चटकन उचलून घेतली. ठिपका कुठे येणार हे तिला यंत्राशिवाय माहीत होतं.

आज ठोकायचंच नाही, असं तिने मनाशी ठरवलं. तेवढ्यात व्हर्लिन बिस्किटाचा चुरा झटकत उठला आणि ब्रिनला म्हणाला, "बरं झालं आलात. माझेही कान म्हातारे झालेत. आज तुमच्या यंत्राला काही ऐकू आलं नाही, तर इतके दिवस ते ठोके माझ्या डोक्यातच वाजत होते असं मी समजेन. बॅट पुतण्याला देऊन टाकीन."

तो हसत बोलला. पण एकतीस वर्षांच्या संसारात मार्लिसला हे हसू ओळखू यायला लागलं होतं. ठोकलं तर ती पकडली जाणार, नाही ठोकलं तर नवरा पुन्हा त्या खुर्चीत जाणार. खुर्चीतला नवरा तिला पुन्हा नको होता.

माइक लावायला तिघं वर गेल्यावर तिने लाटणं ॲप्रनच्या खिशात खोचलं, टॉर्च घेतला आणि ओढा ओलांडून पलीकडच्या रानात शिरली. गाडीपासून चारशे पावलं तरी दूर. एक वाळलेलं, साल गेलेलं झाड पाहून ठेवलं आणि टॉर्च विझवून थांबली. थंडी चांगलीच होती. आपण नवऱ्याच्या मनासाठी रात्री अकराला झाडाला लाटणं मारायला उभ्या आहोत, हे आपल्याबरोबर शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बायकांना कळलं तर काय होईल, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसू फुटलं.

वरून तीन ठोके आले. तिने शंभर आकडे मोजले आणि दोन दिले.

वरती वीस मिनिटांचं मौन वीस सेकंदही टिकलं नाही. गसची आनंदाची आरोळी आली, ती मात्र खरीखुरी जनावराची वाटली. मग कमरेच्या वॉकीटॉकीवर ब्रिनचा आवाज आला, तिन्ही माइकना मिळालंय, ओढ्यापलीकडे. व्हर्लिन नियमाबद्दल काहीतरी पुटपुटला. गस म्हणाला की नियम आपणच केलाय, आपणच मोडू. आणि ते निघाले.

मार्लिस घाईघाईने मागे फिरली आणि ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून सटकली. मांड्यांपर्यंत भिजली, घोटा मुरगळला, लाटणं प्रवाहाबरोबर निघून गेलं. कशीबशी पुन्हा त्याच काठावर चढली, तोवर रस्त्यावरून टॉर्च खाली येताना दिसायला लागले. आता गाडी पलीकडे, ही अलीकडे, आणि मध्ये अख्खं मंडळ. ती एका उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळांमागे बसली.

वॉकीटॉकीवर व्हर्लिनचा आवाज खरखरला. "मार्लिस, तू ऐकलंस का?"

"ऐकलं," ती कुजबुजली. "वायव्येकडून."

"गाडीची दारं लावून आत बस. आम्ही जवळच आहोत. घाबरू नकोस हं."

तिने वॉकीटॉकी बंद केला. गेल्या दोन वर्षांत तो तिला 'घाबरू नकोस' म्हणाला नव्हता, आणि आज म्हणाला तेही त्याचेच दात भीतीने वाजत असताना.

तिघं ओढा ओलांडून तीस पावलांवर येऊन थांबले. गसने नाक वर करून हुंगलं. बिगफूटला कुजक्या कोबीसारखा घाण वास येतो, असं या शास्त्रात मानतात. गस गोंधळून म्हणाला, "लोण्याचा वास येतोय." ब्रिन म्हणाली की तिलाही येतोय. मार्लिसने ॲप्रन मांडीखाली दाबला.

व्हर्लिनने दोघांना तिथेच थांबवलं आणि एकटा दहा पावलं पुढे आला. आवाज इतका खाली आणला की तो फक्त मुळांमागे बसलेल्यालाच ऐकू जावा.

"तुला त्रास द्यायला आलो नाही," तो अंधाराला म्हणाला. "फक्त एक सांगायचं होतं. गिरणी गेली तेव्हा माझं सगळंच बंद पडलं होतं. मी कुणाशी बोलत नव्हतो. मग एके रात्री मी ठोकलं आणि तू उत्तर दिलंस. वाटलं, मी आहे हे कुणालातरी कळलं. तेवढ्यावर मी उठलो. बाकी काही नाही. थँक यू म्हणायचं होतं."

मार्लिसचे डोळे भरून आले आणि त्याच क्षणी तिला असा राग आला की घोट्याची कळसुद्धा ती विसरली. त्या अख्ख्या हिवाळ्यात ती या माणसाशी बोलत होती. सकाळी, जेवताना, दिवा मालवल्यावर. तिने हाका मारल्या, विनवलं, भांडलीसुद्धा, त्यातलं एक अक्षर याच्या कानात शिरलं नाही. आणि झाडावर लाटणं आपटलं ते मात्र काळजाला जाऊन भिडलं. रागाच्या भरात ती उठून उभी राहिली, एक हात कमरेवर गेला, आणि मग चूक लक्षात येऊन ती तशीच थिजली.

व्हर्लिनने कॅमेरा डोळ्याला लावलेला होता. मुळांच्या वरून डोकं, खांदे आणि कमरेवरचा हात, सगळं त्याला पांढरं लख्ख दिसत असणार. त्याने कॅमेरा जरा खाली घेतला आणि पुन्हा डोळ्याला लावला.

"काय आहे?" गसने मागून विचारलं.

"मादी आहे," व्हर्लिन म्हणाला.

"मोठी?"

"अंगाने बरी आहे. वयही झालंय. चिडलेली वाटते."

अंधारात मार्लिसचे कान तापले.

गस आणि ब्रिन कॅमेऱ्यासाठी पुढे धावले, पण व्हर्लिनने तो बंद करून खिशात घातला होता. बॅटरी संपली, म्हणाला. गस म्हणाला की बॅटरी तर त्यानेच संध्याकाळी बदलली. मग ती खराब असेल, असं म्हणून व्हर्लिनने आपला जाड लोकरी कोट काढला आणि समोरच्या बुंध्यावर ठेवला.

"बिगफूटला भेट म्हणून सफरचंद ठेवतात," गस म्हणाला. "कोट ठेवल्याचं मी कुठे वाचलं नाही."

"ती ओली झालीय," व्हर्लिन म्हणाला. "आता चला. नियम तो नियम."

त्याने दोघांना माइक काढायला वर पाठवलं. सगळे दिवे लांब गेल्यावर मार्लिसने कोट घातला, लंगडत ओढा ओलांडला आणि गाडीशी आली. व्हर्लिन आत बसला होता. त्याने हीटर सुरू केला होता आणि थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून ठेवली होती. ती शेजारी बसली. त्याने तिच्या अंगावरच्या कोटाकडे पाहिलं, बुटांतून गळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं.

"पहिल्यापासून?" त्याने विचारलं.

"आठव्या शनिवारपासून. सातपर्यंत खरंच कुणी नव्हतं."

तो गप्प झाला. मार्लिस त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. हे गप्प बसणं तिच्या ओळखीचं होतं आणि तिला त्याची धडकी भरली होती. सगळं आपणच दिलं आणि आपणच घालवलं, असं तिला वाटलं.

"आता बॅट पुतण्याला देणार?" शेवटी तिने विचारलं.

"का म्हणून?" व्हर्लिन म्हणाला. "उत्तर तू देत होतीस, म्हणून बिगफूट नाहीच असं थोडंच आहे? गस बिचारा आज रात्री पंचवीस पानं लिहिणार. लोण्याच्या वासावरच पाच."

तिला हसू आलं, पण त्याला आलं नाही. त्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते, आणि गाडी उभी असूनही तो समोर रस्ता असल्यासारखा बघत होता.

"मार्लिस," तो म्हणाला, "त्या हिवाळ्यात मी खुर्चीत बसलेला असायचो, तेव्हा तू सारखी काहीतरी सांगायचीस. तुझे ओठ हलताना दिसायचे मला. काय सांगायचीस?"

दोन वर्षं ती या प्रश्नाची वाट बघत होती. त्याचं उत्तर तिने कितीदा मनात घोळवलं होतं, आणि आता तो विचारत होता तर तिला रडू आवरेना. कोटाच्या बाहीने तिने नाक पुसलं.

"खूप काय काय," ती म्हणाली. "पण पहिल्यांदा तर हेच, की मागच्या खोलीचं छप्पर गळतंय."

व्हर्लिनने तिच्याकडे वळून पाहिलं. "मग?"

"मग काय," मार्लिस म्हणाली, "अजून गळतंय."