एकच कळी

भिके, तू नुसतं ऐक! आमच्या परसातलं ते झाड न्हाई का, ज्याची पानं तुमी दसऱ्याला आपटा म्हणून नेता? ते माझ्या थोरल्या बहिणीनं, जाहेदाआपानं लावलेलं. लग्न होऊन सासरी जायाला बैलांच्या दमणीत बसताना ती म्हणली, "कनीज, हा कांचन हाय. पयलं फूल आलं की बलाव, मी येते." तीन वर्सं झाली, घर खायाला उठतंय. यंदा एकच कळी आली, अन् आज अब्बा कुऱ्हाड घेऊन आले! "आपटाच हाय, गोठ्याला अडचण करून राहिला." मी वरडले, "कांचन हाय!"

"मंग दाखव. कांचन असंल तर ठेवतो."

मी कळी खुडून उकलली. आत जांभळी घडी! आपटा तर पांढरा फुलतो. अब्बा कुऱ्हाड खांद्यावर टाकून परतले. झाड वाचलं, पण आपाला बलवायचं फूल मीच खुडलं. सांग, तू काय केलं असतंस?