ढवळण्याच्या रविवारचा वाडगा

मित्रांनो, बकुळाबाईंच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी एक पांढरा वाडगा पालथा ठेवलेला असतो. तो मी. मी जाड चिनी मातीचा आहे आणि माझ्या बुडाशी विलायतेतल्या कारखान्याचा निळा शिक्का आहे. आता मला कुणी फारसा हात लावत नाही. पण एके काळी वर्षातून एकदा घरातली सगळी माणसे माझ्याभोवती उभी राहायची.

माझा जन्म इंग्लंडमधला. गवतात गुंडाळून मला बोटीने मुंबईला आणले गेले. माझगावच्या गोदीतल्या एका गोऱ्या इंजिनिअरच्या मॅडमने मला मागवले होते, तेही एकाच कामासाठी. नाताळच्या पुडिंगसाठी.

नाताळच्या चार-पाच आठवडे आधीच्या एका रविवारी इंग्रज लोक हे पुडिंग कालवतात. त्याला ते ढवळण्याचा रविवार म्हणतात. मनुका, बेदाणे, संत्र्याची साल, पावाचा चुरा, अंडी, चरबी आणि ब्रँडी एकत्र करायची. मग घरातल्या प्रत्येकाने लाकडी डावाने ते पूर्वेकडून पश्चिमेकडे ढवळायचे आणि मनात एक इच्छा धरायची. इच्छा कुणाला सांगायची नाही. सांगितली तर ती पुरी होत नाही, असे ते मानत. त्यानंतर माझ्या तोंडावर कापड बांधून मला सात-आठ तास वाफेवर ठेवायचे. ते कापड सोडायचे थेट नाताळच्या दिवशी.

त्या बंगल्यावर पर्पेच्युआ स्वयंपाक करायची. ती जवळच्याच एका चाळीत राहणारी ख्रिस्ती विधवा होती. पुडिंग करायची ती, पण ढवळायला तिची पाळी सर्वांत शेवटी यायची. नाताळच्या दुसऱ्या दिवशी नोकरांना भेटीची पेटी द्यायची साहेबलोकांची रीत होती. शेहेचाळीस साली पर्पेच्युआच्या पेटीतून मी निघालो. "आम्ही आता मायदेशी जाणार. हा तू ठेव," मॅडम म्हणाल्या.

चाळीत आल्यावर मी पहिल्यांदा गोंगाट ऐकला. पर्पेच्युआचा एकुलता एक मुलगा सिल्वेस्टर तेव्हा शाळेत होता. समोरच्या खोलीत बकुळाबाई आणि त्यांचे यजमान आनंदा राहायचे. आनंदा गिरणीत होते. दर वर्षी त्या रविवारी ही चौघे माझ्याभोवती जमायची. बकुळाबाईंना खाता यावे म्हणून पर्पेच्युआ चरबीऐवजी साजूक तूप घालायची. ती माझी सुखाची वर्षे होती.

मग पंचावन्न साल आले. सिल्वेस्टर चोवीस वर्षांचा झाला होता, गोदीत फिटर होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही, यावरून शहर पेटले होते. वीस नोव्हेंबरला तो रविवार होता. पर्पेच्युआने सगळे कालवून डाव सिल्वेस्टरपुढे धरला.

"उद्या हरताळ आहे, आई. मी मोर्चाला जाणार," तो म्हणाला.

"ते आपलं भांडण आहे का रे? आपण चर्चची माणसं."

"घरात आपण बोलतो कुठल्या भाषेत? तुझा बाप, त्याचा बाप, सगळे इथेच गेले ना? मग मुंबई आपली नाही तर कुणाची?" त्याने डाव बाजूला सारला. "गोरे गेले त्याला आठ वर्षं झाली. तू अजून त्यांचं पुडिंग ढवळतेस."

बकुळाबाई मध्ये पडून म्हणाल्या, "अरे, माझ्यासाठी तुझी आई यात तूप घालते. मॅडमचं काय राहिलंय त्यात?"

सिल्वेस्टरला हसू आले. त्याने डाव घेतला आणि तीन वेढे ढवळले. त्याच्यामागून पर्पेच्युआने ढवळले आणि डाव खाली ठेवता ठेवता ती बोलून गेली.

"उद्या तू घरी राहावंस, एवढंच मागितलं मी."

"सांगितलंस ना, आता नाही पुरी व्हायची," तो थट्टेने म्हणाला.

सोमवारी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. पंधरा माणसे गेली. सिल्वेस्टरच्या मांडीत गोळी शिरली आणि त्याला इस्पितळात नेले. मी तेव्हा फडताळात होतो, कापडाने तोंड बांधलेला. आनंदा धावत बातमी घेऊन आले. पर्पेच्युआ किंचाळली नाही. ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "मीच केलं हे. मी सांगायला नको होतं."

गोळी काढली, पण जखम चिघळली. डिसेंबर अर्धा उलटला तरी ताप उतरेना. पर्पेच्युआ रोज पेज घेऊन जायची आणि तशीच परत आणायची. एके दिवशी ती बकुळाबाईंना म्हणाली, "आज पुडिंग मागत होता. म्हणाला, तेवढंच खावंसं वाटतंय."

"मग द्या की. मी सोडते कापड," बकुळाबाई म्हणाल्या. त्यांनी मला फडताळातून बाहेरही काढले.

पर्पेच्युआने दोन्ही हातांनी मला धरले. "नको. एक रीत मोडली त्याची ही शिक्षा आहे. दुसरी मोडणार नाही. नाताळला आठच दिवस आहेत. त्या दिवशी त्याला मी हाताने भरवीन."

बकुळाबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलल्या, तिसऱ्या दिवशीही बोलल्या. पर्पेच्युआने ऐकले नाही. मित्रांनो, ते पुडिंग माझ्याच पोटात होते, आणि मला त्यातला एक घाससुद्धा त्याला देता येत नव्हता. बावीस डिसेंबरला सकाळी सिल्वेस्टर गेला.

नाताळच्या दिवशी पर्पेच्युआ भिंतीकडे तोंड करून पडून होती. कापड बकुळाबाईंनी सोडले. पुडिंग छान मुरले होते. त्यांनी चाळीत घरोघरी एकेक चमचा दिला. पर्पेच्युआपुढे बशी ठेवली, ती संध्याकाळपर्यंत तशीच राहिली. त्यानंतर तिने मला बकुळाबाईंना देऊन टाकले. तिच्या घरी तो रविवार पुन्हा झाला नाही.

साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झाले, मुंबईसह. चाळीला पताका लागल्या, ढोल वाजले. तेव्हा आनंदा अंथरुणाला खिळले होते. गिरणीतल्या कापसाच्या पिंजाने त्यांची छाती गेली होती. पोरांनी पेढे आणून दिले. बकुळाबाईंनी पुडा माझ्यात रिकामा केला. इतक्यात पर्पेच्युआ आत आली. तिने एक पेढा उचलला आणि ती आनंदांच्या उशाशी बसली.

"थांबा हो, आधी देवापुढे ठेवते," बकुळाबाई म्हणाल्या.

"देव थांबेल, बकुळा," पर्पेच्युआ म्हणाली आणि तिने पेढ्याचा तुकडा आनंदांच्या तोंडात घातला. आनंदा डोळे मिटून सावकाश चघळत राहिले. पर्पेच्युआ पदराने त्यांची हनुवटी पुसत होती.

मित्रांनो, मला घासलेपुसले नाहीत तरी मी तक्रार करणार नाही. एवढेच मागतो: आजारी माणसाने काही मागितले, तर सणाची वाट पाहू नका.