दीड फूट पाणी

“सर, पाणी दीड फूट कमीच येतंय,” एलिसा म्हणाली, आणि विद्याधर राऊतांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी घाईघाईने चहाचा कप तोंडाला लावला.

एलिसा त्यांची बारावीच्या वर्गातली जुनी विद्यार्थिनी. वसईतला जुना पूर कॉम्प्युटरवर गणिताने पुन्हा उभा करायचा, पाणी कुठून शिरलं, कुठे किती चढलं ते काढायचं, यावर तिची पीएचडी चालली होती. हाच विषय घेऊन सरांनी नोकरी सांभाळून नऊ वर्षं घासली होती. त्यांच्या कॉम्प्युटरला ज्याला महिना लागायचा, ते हिच्या संस्थेतलं यंत्र जेवणाच्या सुट्टीत उरकायचं. वर हिला शिष्यवृत्ती, परदेशच्या परिषदा. शिकवलं आपणच, आणि आता पोटात दुखतंय तेही आपल्याच, हे सरांना चांगलं कळत होतं. कळून दुखणं थोडंच थांबतं?

“गास गावच्या क्रुसावर पुराची लाल रेघ आहे ना, तिथंच जुळत नाही. खाडीकडे तेवढी एकच खूण. गाइड म्हणतात, तीच चुकली तर बाकीचं कोण खरं मानणार? प्रोग्राम दहा वेळा चेक केला. तुमचा फरक किती होता, सर?”

“आता कुठं आठवतंय!”

सेहेचाळीस सेंटिमीटर. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. याच रेघेपाशी त्यांचं मॉडेल चुकीचं ठरलं होतं आणि चौदा वर्षांपूर्वी फाइल माळ्यावर गेली होती. हुशार पोरीचंही घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं. त्या रात्री सर दोन पोळ्या जास्त जेवले.

सकाळी ते मुद्दाम स्कूटर काढून क्रूस बघायला गेले. मिठागरावर हयात घालवलेला सॅन्टन चौथऱ्याला चुना मारून लाल रेघ नव्याने ओढत होता.

“बरंच चढलं होतं रे पाणी,” सर खुशीत म्हणाले.

“एवढं कुठलं, मास्तर! रस्ता काँक्रीटचा झाला तवा क्रूस खड्ड्यात गेला. मग चौथऱ्यासकट जॅक लावून उचलला. रेघ पन आली वर.”

“किती उचलला?”

“असंल दीडेक फूट. तुमी मोजायला आलात त्याच्या आदल्या साली.”

“मग तेव्हा सांगायचं नाहीस?”

“तुमी इचारलं कुटं? दोन दिस उन्हात पट्टी धरून मीच तर उभा होतो.”

म्हणजे नऊ वर्षांचं गणित बरोबर होतं. सर तिथेच पायरीवर बसले.

घरी त्यांनी बायकोला, सुमनलाही, काही सांगितलं नाही. आपण अडून बसलो तशी एलिसाही बसू दे, असं त्यांनी मनात अगदी स्वच्छ शब्दांत म्हणून पाहिलं. तिसऱ्या दिवशी एलिसाचा मेसेज आला : ‘सर, एक वर्ष वाढवून मागतेय. शिष्यवृत्ती नाही मिळणार. पण तुमच्यासारखं सोडून नाही देणार.’

शेवटचं वाक्य त्यांना चांगलंच झोंबलं. पण बरोबर गणितावर फुली मारलेली त्यांना तीस वर्षांत कधी बघवली नव्हती, मग ते वर्गातल्या नावडत्या पोराचं का असेना. त्यांनी फोन लावला.

संध्याकाळी ती किंचाळलीच. “जुळलं सर! एका सेंटिमीटरचा फरक! तुम्हाला कसं कळलं?”

“सॅन्टनला विचारलं,” सर म्हणाले.

मग शिडी लावून त्यांनी फाइल खाली काढली. सेहेचाळीसच्या आकड्याभोवती त्यांच्या तेव्हाच्या गाइडने केलेला गोल अजून ठळक होता. पेपर तपासायचं लाल पेन घेऊन सरांनी शेजारी बरोबरची खूण केली, आणि सवयीने खाली सही करून आजची तारीख घातली.