काशाच्या वाटीचा तास

पाच सप्टेंबरला आमच्या शाळेत दहावीची मुलं शिक्षक होतात. विज्ञानाच्या पुष्कर सरांनी यंदा माझं नाव घेतलं. माझं! नववीपर्यंत हजेरीलासुद्धा माझा आवाज बाहेर पडत नव्हता, आणि आता आईची हिरवी साडी नेसून मी आठवीच्या वर्गात उभी होते. धडा होता संमिश्रांचा.

"तांबं एकटं मऊ. कथील त्याहून मऊ. दोन्ही एकत्र वितळवली की होतं कांसं. एकदम टणक! आणि वाजवलं की..."

मी पिशवीतून घरची काशाची वाटी काढली आणि पट्टीनं वाजवली. आवाज पत्र्यापर्यंत गेला.

"बाई, शाळेची घंटा बी काशाचीच का?" खेमानं विचारलं. मला बाई म्हणणारा तो पहिलाच. मी उगाच पदर सारखा केला.

मग मला भारीच सुचलं. आमच्याकडे ताप आला की तळपायाला तूप लावून ही वाटी चोळतात. तळवा काळा पडतो. माणसं म्हणतात, अंगातली उष्णता निघाली.

"ज्याला ताप न्हाई त्यानं पुढं या!"

खेमा उडी मारून आला. चोळता चोळता त्याचाही तळवा काळा झाला.

"खेम्या, तुला ताप हाय रे!" पोरं ओरडली.

"मला काहून ताप? सकाळी चार भाकरी खाऊन आलो!"

"तेच तर!" मी म्हणाले. "हे काळं अंगातलं नसतंच. काशातल्या तांब्यावर तुपाची आणि घामाची क्रिया होते, त्याचं ते काळं. ताप असो नसो, येणारच."

मागे उभ्या पुष्कर सरांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या वर्गानं. दुसऱ्या बाकावरच्या साधनानं मात्र हात उचलले नाहीत. साधना माझी धाकटी बहीण.

शाळेतून आल्यावर आमच्या वडिलांचे, आबांचे, तळपाय रोज तीच चोळते. आबा उन्हाळ्यापासून अंथरुणावर आहेत. मेंढरं आता काका चारतो. जिल्हा हिंगोली झाला तरी मोठा दवाखाना नांदेडलाच. तिथल्या डॉक्टरांनी आईला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, घरी न्या, आता औषध उरलं नाही. हे साधनाला ठाऊक नव्हतं, आबांनाही नाही. त्या दोघांचा सगळा भरवसा वाटीवर. साधना रोज तळवा पुसायची आणि काळं फडकं आबांसमोर धरायची, "लई निघालं बघा आज!"

घरी येताना ती माझ्यापुढे चालत होती. पुसेगावच्या रस्त्यावर मधेच थांबली.

"ताई, मग आबाचा ताप कुटं जाऊन राहिला?"

अख्ख्या वर्गाला उत्तरं देऊन आलेली मी, पिशवीतली वाटी चाचपत राहिले. तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि पुन्हा चालायला लागली.

आबा भिंतीला टेकून वाटच बघत होते. "या मास्तरीणबाई! साधने, वाटी आण गं, पाय लई पेटलेत."

साधना दारातच उभी राहिली. मग मीच तूप लावून चोळायला बसले. आबांची टाच माझ्या मुठीत मावत होती.

"काय शिकवलंस लेकरांला? मला बी शिकव की."

मी तांबं सांगितलं, कथील सांगितलं. वाटी वाजवून दाखवली. तिथंच थांबले.

"बस, इतकंच? ताप कसा ओढून घेते ते न्हाई सांगितलं?" आबा हसले. "उद्या सांग. म्हणावं, माझ्या आबाचा बराबर उतरून राहिला. काळं निघालं का आज?"

मी तोंड उघडलं. आवाज नववीतल्यासारखा आतच राहिला.

साधना आली. माझ्या हातातून वाटी घेऊन आबांच्या पायाशी बसली आणि मान खाली घालून जोरजोरात चोळायला लागली.

"निघून राहिलं, आबा. कालच्याहून जास्त."

मग तिनं तळवा पुसला, आणि रोजच्यासारखं फडकं त्यांना दिसेल असं वर धरलं.