कुरडयांचं ऊन

माझा दीर माधव गोड बोलायला लागला की समजावं, काहीतरी मागायला आलाय. पण त्या दिवशी बरोबर निरू होती, म्हणून मी फसले.

कारेलीबागेत आमचं दुमजली घर. खाली मी एकटी, वर माधव आणि माझी धाकटी जाऊ निरुपमा. गच्ची दोघांची. हे गेल्यापासून माझं पोट त्या गच्चीवरच्या उन्हावर चालतं. दर उन्हाळ्यात मी आणि निरू एकाच दिवशी गहू भिजवतो, चीक शिजवतो, आणि बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत आमच्याच कुरडया तळल्या जातात. चिकाची पहिली वाटी तूप घालून मी निरूच्या हातात देते. ती लग्न होऊन आली तेव्हापासून.

माधव म्हणाला, "वहिनी, गच्चीवर सोलर बसवू. सरकार सबसिडी देतंय, नाही घेतली तर आपणच मूर्ख. फक्त तुमची संमती लागेल."

"आणि कुरडया कुठे वाळवू, तुझ्या डोक्यावर?"

तो हसला. मागची अर्धी गच्ची पॅनेलना, पुढची तुम्हाला, वीज दोघांच्या मीटरला, म्हणाला. मी निरूकडे पाहिलं. "ताई, आपल्या कुरडयांचं ऊन कोण नेतंय?" ती म्हणाली. मी सही केली. दिराकडून लेखी घेण्याची आमच्यात पद्धत नाही. आग लागो त्या पद्धतीला.

चैत्रात निरू म्हणाली, "माझी पाठ धरलीय, यंदा मी गहू भिजवत नाही." मला वाईट वाटलं. तिच्या वाटणीचेही मीच भिजवले. मी वाटण-गाळण करत होते तेव्हा वर ड्रिल घुरघुरत होतं. गुडघ्यांमुळे मी उगाच जिने चढत नाही. म्हटलं, बसवू देत.

चीक शिजला. गार झाला की तो सोऱ्यातून उतरत नाही, म्हणून पातेलं कमरेवर घेऊन तशीच वर गेले. गच्ची दिसेचना. या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत नुसती काळी काच, आणि मधून एक माणूस कसाबसा जाईल एवढी वाट.

"अरे, पुढची बाजू मोकळी ठेवायची होती ना?" मी बसवणाऱ्याला विचारलं.

"ना मासी, भाईए तो पहेलेथी ज आखी अगाशी नक्की करेली." म्हणजे माधवने पहिल्यापासूनच अख्खी गच्ची ठरवली होती. उरलेली वीज कंपनीला विकता येते, म्हणून भाईंना जास्त पॅनेल हवी होती. आणि मीटर? एकच, वरच्या मजल्याचं.

पातेलं तसंच कमरेवर घेऊन मी एक जिना उतरले आणि निरूच्या स्वयंपाकघरात गेले. निरू पाटावर बसून ताठ पाठीने भाजी निवडत होती.

"पाठ बरी दिसतेय."

तिने मान वर केली नाही. "ह्यांनी शपथ घातली होती, ताई. कळलं असतं तर तुम्ही सही केली नसती."

म्हणजे सहीच्या आधीपासून हिला माहीत होतं, म्हणूनच हिने यंदा गहू भिजवले नाहीत. माधवचं मला काही वाटलं नाही, तो तसाच आहे. पण हिने माझ्या पाठीत सुरी घातली, आणि वर मीच तिच्या पाठीला तेल चोळून दिलं होतं.

ती रडायला लागली. मी तिच्या फडताळातली वाटी घेतली, चीक वाढला, वर तूप सोडलं आणि तिच्यापुढे ठेवली.

"खा," म्हटलं. "तुझ्या वाटणीचेही गहू मीच भिजवले होते."