मजकुरात बोट

"याला जरा जाड फॉन्ट दे, रचना. वस्त्यांची नावं रस्त्यावरून वाचता आली पाहिजेत," उमेंद्र सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले.

समोर स्क्रीनवर आमच्या गावाचा नकाशा होता. गावाच्या तोंडावर लावायचा मोठा बोर्ड आणि त्याच मजकुराचं एक वेब पेज, असं काम ग्रामपंचायतीनं सरांना दिलं होतं, आणि सरांनी ते मला दिलं, कारण गाव माझंच. तिरोड्याहून बोदलकसाकडे जाताना लागतं. मजकूर सरपंच उदेभान यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. शाळा, दवाखाना, तलाव, वस्त्यांची नावं. आणि आमच्या वस्तीच्या जागी आमच्या जातीचं जुनं नाव, त्याला चिकटून 'टोली'.

तो शब्द मी इथं लिहिणार नाही. माझ्या आज्यानं छप्पन साली नागपूरला जाऊन तो अंगावरून उतरवून ठेवला. सरकारनंही अलीकडे सांगितलं की वस्त्यांना जातीची नावं ठेवू नका. त्यावर ग्रामसभेत ठराव झाला आणि आमच्या वस्तीचं नाव संघमित्रानगर झालं. तो ठराव मांडायला माझी माय, अंजना, उभी राहिली होती. दिवसभर धानाचा रोवणा करून आलेली, साडीचा काठ अजून चिखलाचा, आणि बोलताना आवाज कापत होता तिचा. पण बोलली. सगळ्या गावासमोर बोलली.

आणि आता मला त्या शब्दाला जाड फॉन्ट द्यायचा होता.

"सर, हे नाव बदललंय," मी म्हणाले. "संघमित्रानगर पाहिजे."

"मॅटर किसने भेजा?"

"सरपंचांनी."

"मग झालं तर. क्लायंट जो देगा वही छपेगा. रंग तुझा, फॉन्ट तुझा, कोड तुझा. मजकुरात बोट घालायचं नाही."

हे ते आम्हाला पहिल्या आठवड्यापासून सांगत आले होते. आणि खरं सांगायचं तर मला ते पटायचंही. सर शिकवायचे चांगलं, हे रागातही मला नाकारता येत नाही. गोंदियाच्या बाजारात कपड्याच्या दुकानावर त्यांची इन्स्टिट्यूट, खाली सेलच्या आरोळ्या, वर आम्ही. स्क्रीनवरचा रंग उजेडाचा असतो आणि कागदावरचा शाईचा, हे त्यांनीच मला समजावलं. स्क्रीनवर लखलखणारा निळा तसाच छापायला पाठवला की जांभळा होऊन येतो, तेव्हा मजेंटा, म्हणजे गुलाबी शाई, उतरवावा लागतो. अक्षरं दाटीनं बसली की वाचणाऱ्याचा जीव घुसमटतो. हेडिंगचा टॅग मोठं दिसावं म्हणून नसतो, महत्त्वाचं काय ते सांगायला असतो. हे सगळं ऐकताना मला वाटायचं, जगाला आतून उघडून कोणी दाखवतंय. तिरोड्याच्या पॅसेंजरमध्ये मी डब्याच्या दारावरची अक्षरं बघत यायची, कोणतं कुठं चुकलं ते शोधत.

त्याच माणसानं 'मजकुरात बोट घालायचं नाही' म्हटलं आणि ते पुढच्या मुलाकडे वळले.

मी जिन्यात जाऊन उदेभानजींना फोन लावला.

"काकाजी, बोर्डाच्या मजकुरात आमच्या वस्तीचं जुनं नाव आलं."

"हो, तेच चालते लोकाइच्या तोंडात. नवीन नाव टाकलं त बाहेरच्या माणसाले समजत नाई ना बाई."

"ठराव झाला ना जी?"

"झाला. कोण नाई म्हणते? पण येवढं काऊन धरून बसून राहिलीस तू? बोर्ड त होय."

बोर्ड त होय. फोन ठेवल्यावरही ते कानात वाजत राहिलं. मी जागेवर येऊन बसले आणि तो शब्द पुसला. संघमित्रानगर टाइप केलं. नाव लांब होतं, चौकटीत मावेना. अक्षरं बारीक केली तर बाकीच्या वस्त्यांपेक्षा आमची लहान दिसणार, ते मला नको होतं. मग अख्ख्या नकाशालाच अरुंद अक्षरांचा फॉन्ट लावला, सगळी नावं सारखी बसवली. वेब पेजच्या कोडमध्येही तेच लिहिलं. प्रूफ सरांना पाठवलं. त्यांनी मान हलवली, "अच्छा है," म्हणाले. मला वाटलं, त्यांनी वाचलं आणि सोडून दिलं. मनातून मी त्यांना माणूस म्हणाले.

बोर्ड लागला त्या दिवशी मला कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी माय कापणीवरून आली. विळा कोपऱ्यात ठेवला, पाय धुतले नाहीत, पाणी प्यायली नाही.

"जा, बोर्ड पाहून ये," म्हणाली.

"लागला का?"

"जा म्हटलं ना."

बोर्ड फाट्यावर होता. माझा नकाशा, माझा हिरवा, माझा निळा, तलावाच्या कडेनं मी काढलेली बारीक रेघ. आणि आमच्या वस्तीच्या जागी तोच शब्द. जाड अक्षरात. अरुंद फॉन्टमध्ये तो मावून वर जागा उरली होती. खाली उजव्या कोपऱ्यात: डिझाइन – रचना गजभिये.

मी बघत उभी राहिले. तेवढ्यात दोन पोरं सायकलवरून आली, थांबली, माझ्याकडे पाहून हसली आणि गेली. ती हसली असतील दुसऱ्याच कशाला, मला माहीत नाही. तेव्हा मला वाटलं, सगळं गाव हसतंय.

घरी आले तर माय तशीच बसलेली.

"बायांनी विचारलं मले," ती म्हणाली. "म्हणे, अंजनाबाई, तुवं ग्रामसभेत भांडून नाव बदलवलं, अना तुह्या पोरीनं जुनंच लिवलं. शिकून हेच करते का?"

"मी नाही लिहिलं, माय."

"नाव कोणाचं हाय खाली?"

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी इतकंच म्हणाली, "मग त्या सरले जाऊन सांग. मले कायले सांगतेस?"

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले ती थेट सरांच्या टेबलापाशी. मुलं बसलेली होती. मी आवाज खाली ठेवला नाही.

"मी पाठवलेल्या फाइलमध्ये कोणी बदल केला?"

सरांनी चष्मा काढला. "छापखान्यात देण्याआधी मी मॅटर ताडून पाहिलं. तू दिलेलं नाव मॅटरमध्ये नव्हतं. दुरुस्त केलं."

"दुरुस्त?"

"रचना, पहले बैठ."

"मी बसणार नाही. माझं नाव कोणाला विचारून टाकलं?"

"अरे, तुझं पहिलं काम. तुझा मान म्हणून टाकलं. इन्स्टिट्यूटच्या पेजवर फोटो पण टाकला. कोणता सर विद्यार्थ्याचं नाव टाकतो सांग?"

ते खरोखर दुखावलेले दिसत होते. त्याचाच मला जास्त राग आला. वाईट माणूस असता तर शिवी घालून मोकळी झाले असते.

"तुम्ही आम्हाला शिकवता, जाड अक्षर ओरडतं. मग काय ओरडून राहिलं ते वाचलं का तुम्ही? माझ्या घरी जाणाऱ्या वाटेवर आमची जात लिहिली तुम्ही. वर माझी सही."

"मी नाही लिहिली. पंचायतीनं लिहिली."

"तुमच्या हातानं ना?"

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग सर म्हणाले, "ठीक आहे. इन्स्टिट्यूटच्या पेजवरून तुझं नाव काढतो."

"माझं राहू द्या," मी म्हणाले. "तो शब्द काढा."

"ते माझ्या हातात नाही."

मी पिशवी उचलली आणि निघाले. जिन्यात मागून चपलांचा आवाज आला. रीना होती. सालेकशाकडची, माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसणारी उईके. वर्गात ती फारशी बोलत नसे.

"आमच्या गावाचं नाव आजवर एकाही पाटीवर बरोबर नाही लिहिलं," ती म्हणाली. "गोंडी नाव. ज्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. मी कधी कोणाला काही म्हटलं नाही." मग तिनं विचारलं, "आता काय करणार तू?"

"चिकटवणार."

"काय?"

"बरोबर नाव."

तिरोड्याच्या फ्लेक्सच्या दुकानात आम्ही दोघी गेलो. माझ्याकडे मूळ फाइल होती. नावाची पट्टी कापून घेतली, चिकटणाऱ्या व्हिनाइलवर छापायला दिली. मशीनमधून पट्टी सरकत बाहेर आली आणि निळ्याच्या जागी ढळढळीत जांभळा. मी रागाच्या भरात स्क्रीनचाच रंग पाठवला होता. पहिल्या महिन्यात शिकलेली गोष्ट!

"वांग्याचा रंग आला," रीना म्हणाली.

मला हसू आलं नाही. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर बसले, रंग शाईचे केले, मजेंटा उतरवला, पुन्हा छापायला लावलं. माउस रीनानं धरला होता, मी आकडे सांगत गेले. दुसऱ्या वेळी निळा निळा आला.

पट्टी घेऊन मी घरी आले तर माय म्हणाली, "अंधारात नको लावू. आपण चोरी नाई करून राहिलो."

बाजाराच्या दिवशी, लोक फाट्यावरून जात-येत असताना आम्ही गेलो. मी, माय, वस्तीतल्या सात-आठ बाया. निर्मलाबाईंनी घरून स्टूल आणलं होतं, धान उफणायला चढतात ते. त्या सगळ्यांत मोठ्या, आणि त्यांनीच ते धरून ठेवलं. मी वर चढले, ओल्या फडक्यानं धूळ पुसली, पट्टीचा कागद सोलत सोलत तो शब्द एका टोकाकडून झाकत गेले. मध्ये बुडबुडा राहिला. तो मी नखानं इतका दाबला की नखाचा व्रण उमटला.

उदेभानजींची मोटरसायकल थांबली तेव्हा माझं शेवटचं टोक चिकटवणं चाललं होतं.

"ए पोरी! उतर खाली. पंचायतीच्या बोर्डाले हात लावतेस?"

"माझंच नाव आहे त्याच्यावर, काकाजी. चूक दुरुस्त करून राहिली."

"कोणाले विचारून?"

"तुम्ही कोणाला विचारून लिहिलं होतं?"

माणसं थांबायला लागली. भाजीच्या पिशव्या घेऊन, सायकली धरून. उदेभानजींनी मोबाइल काढला, बोर्डाचा फोटो घेतला. "मी पोलिसात तक्रार देतो. सरकारी मालमत्तेचं नुकसान म्हणून."

मी स्टुलावर होते, तोंडाला कोरड पडली होती. ग्रामसभेत मायला काय झालं असेल ते मला त्या क्षणी कळलं. पण या वेळी तिचा आवाज कापला नाही.

"द्या ना जी तक्रार," माय पुढे होऊन म्हणाली. "सगळं लिवा. काय झाकलं तेही लिवा. आमच्या वस्तीचं नाव काय म्हणून लिवाल तक्रारीत? जुनं लिवाल का नवीन?"

उदेभानजींनी मोबाइल खिशात घातला. जुनं लिहिलं असतं तर ठाण्यात पहिला प्रश्न त्यांनाच आला असता, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. नवं लिहिलं तर झाकलं ते बरोबरच झाकलं.

"म्हणा ना," माय म्हणाली. "इथं सगळ्याइच्या पुढं एकदा तोंडानं म्हणा तो शब्द. लिवाले त लाज नाई वाटली."

त्यांनी तो म्हटला नाही. "बायकांच्या नादी कोण लागते," असं काहीतरी पुटपुटत गाडीला किक मारली. गाडी सुरू व्हायला वेळ लागला. कोणी हसलं नाही. माय तर बिलकुल नाही. ती रागानं लटलट कापत होती आणि निर्मलाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तिनं तो झटकला.

"आता कायले शांत करता मले," ती म्हणाली. "तवा तुमीच विचारलं ना, शिकून हेच करते का म्हणून?"

मी खाली उतरल्यावर निर्मलाबाई स्टूल उचलून पुढे चालायला लागल्या.

तक्रार झाली नाही. पुढच्या ग्रामसभेत नवा बोर्ड करायचं ठरलं आणि दिवाळीनंतर तो लागला. दुसऱ्या कुठल्या दुकानातून करून घेतला होता. दिसायला वाईट होता, तलावाला हिरवा रंग दिला होता, पण नाव बरोबर होतं. डिझाइन कोणाचं ते खाली लिहिलं नव्हतं.

मी काही दिवस इन्स्टिट्यूटमध्ये गेले नाही. मग गेले. वेबचा भाग अजून शिकायचा राहिला होता आणि सरांवरच्या रागापायी मी माझं शिक्षण सोडणार नव्हते. पहिल्या रांगेत बसले. सर फळ्यावर कोड लिहायचे, मी प्रश्न विचारायची, ते उत्तर द्यायचे. त्यापलीकडे आम्ही बोललो नाही. त्यांनी इन्स्टिट्यूटच्या पेजवरचा तो फोटो काढून टाकला, पण मला सांगितलं नाही. मीही आभार मानले नाहीत.

एकदा वर्ग सुटल्यावर रीनानं तिच्या गावाचं नाव माझ्याकडून टाइप करून घेतलं. तिनं दोनदा उच्चार करून दाखवला, मी दोनदा चुकले, तिसऱ्यांदा तिनं मान हलवली. मग आम्ही सहज फोनमधला नकाशा उघडला. आमच्या गावावर बोट ठेवून मोठं केलं. फाटा दिसला, तलाव दिसला, आणि आमच्या घरांवर तोच जुना शब्द, इंग्रजी अक्षरांत.

मी दुरुस्ती पाठवली. रीनानं तिच्या फोनवरून पाठवली. 'तपासणी सुरू आहे,' असं उत्तर आलं. नंतर 'बदल स्वीकारता आला नाही.' पुन्हा पाठवली. मग नकाशा जरा बाजूला सरकवला तर शेजारच्या गावातही तसाच शब्द, त्याच्या पलीकडच्या गावात चांभारांच्या नावाचा, त्याच्या पुढं आणखी कोणाच्या तरी. सरकवत जावं तितके निघत होते.

"किती करशील?" रीनानं विचारलं.

"तू तिकडून सुरू कर," मी म्हणाले. "सालेकशाकडून. मी तिरोड्याकडून येते."